नेट गेलं नव्हतं

ह्यांच्या फोटोशी मी रोज बोलते. भाजी कशी महाग झाली, गुडघा कसा ठणकतो, मालिकेत आज कोण कुणाच्या मुळावर उठलंय, सगळं सांगते. पण हे नाही सांगितलं. फोटोसमोरसुद्धा जीभ रेटली नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे खरी, पण एकदम त्यावर येणं जमायचं नाही. आधी जरा इकडचं तिकडचं बोलते, चालेल ना?

मी नगरजवळ केडगावात राहते, पुणे रोडपासून आत, बोळात. एका साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. माझी बोटं अजूनही बटणांकडे न बघता चालतात. हे मुद्दाम सांगून ठेवते, पुढे लागेल.

मुलगा निखिल पुण्याला असतो. पुणं म्हणजे काय हो लांब? बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की पुण्याच्या गाड्या जाताना दिसतात. पण त्याला सवड नसते — नाही, त्याच्यावर काही ढकलायचं नाही असं मी ठरवून बसले आहे. तो चांगला आहे. त्यानंच वायफाय घेऊन दिलं, दारावर कॅमेरा बसवला. आई एकटी असते, लक्ष राहील, म्हणून. झालं काय, कॅमेरा आला आणि फोन कमी झाले. "दिसतेस की तू मला," म्हणायचा. तुळशीला पाणी घालताना मी त्याला दिसायचे. मला तो दिसायचा नाही. तरी मी दारात जायच्या आधी केस विंचरून घ्यायचे. वेडेपणा, दुसरं काय.

आता कमल. माझ्या शेजारच्या खोलीत राहते, भिंतीला भिंत. पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, तिचं लहानपण कोप्यांमध्ये, फडाजवळच्या पाचटाच्या झोपड्यांत गेलं, शाळा नाही. नवरा वारला. दोन गल्ल्या सोडून एक खानावळ आहे, तिथे पोळ्या-भाकरी करते. तिला एकच मुलगी, रंजना. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. मिरजगावला दिली आहे. जावई शेतकरी, समजूतदार आहे.

रंजूही कुठल्या शाळेत गेली नाही. पण मायलेकींनी हातांची एक बोली करून ठेवली होती, घरचीच, त्यांची त्यांनाच कळणारी. दोन तळवे भाकरी थापल्यासारखे हलवले की 'आई'. मनगटावर चिमटा म्हणजे 'राग आला'. अशी किती तरी. जावयाला त्यातलं थोडंफार कळायचं, सगळं नाही. म्हणजे बघा, बाकीच्या बायका लेकीला फोन लावतात, कानाला धरतात, झालं. कमलनं फोन कानाला धरून काय उपयोग? तिला व्हिडिओच लागायचा. तिच्या मोबाईलला रिचार्ज फक्त बोलण्यापुरतं, आणि आमच्या बोळात रेंज अशी की चित्र अडकून राहायचं. अडकलेल्या हातातून काय समजणार?

म्हणून मीच तिला वायफायचा पासवर्ड टाकून दिला होता. हो, मीच. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. रोज संध्याकाळी कामावरून आली की ती माझ्या पायरीवर बसायची, तिथे रेंज चांगली. मोबाईल तुळशीच्या कट्ट्याला टेकवायचा आणि दोन्ही हातांनी सुरू. कधी मोबाईल माझ्याकडे फिरवायची. रंजू मला बघून दोन्ही हातांच्या बोटांची गोल कडी करून डोळ्यांना लावायची, म्हणजे माझा चष्मा. मग मूठ पुढे करून उघडायची. कमलनं सांगितलं, "तुमचं नाव हाय ते, ताई. चष्मेवाली, देनारी." त्यांच्या बोलीत मला नाव होतं.

मग मला काय झालं?

खरं सांगते, मला ते बघवेना. खिडकीतून बघायचे मी. आवाज नाही, काही नाही, आणि तरी त्यांचं संपायचं नाही. हसताहेत, रुसताहेत, कमल पदर तोंडाला लावून डोळे पुसते आहे. माझ्या फोनवर आवाज होता. "जेवलीस? गोळ्या घेतल्यास? बरं, ठेवतो." एवढाच. माझ्याच दारात बसून, माझ्याच नेटवर — मनात हे असं यायचं. एवढं वय झालं आणि एका मुक्या मुलीच्या आईचा मी हेवा करत होते.

एका रविवारी सकाळी निखिलचा फोन आला. कॅमेऱ्यात चित्र अडकतंय म्हणाला. नेट कुणी वापरतं का? ती शेजारची बाई रोज पायरीवर का बसते? मी म्हणाले, बसते अशीच. पासवर्ड दिलास का कुणाला? मी म्हणाले, छे. मग चोरून वापरतंय कुणीतरी, तो म्हणाला.

मी म्हणाले, असेल बाई.

एवढंच. 'मीच दिलाय' हे दोन शब्द तोंडात होते. पण त्याच्या आवाजात काळजी होती, बऱ्याच दिवसांनी. म्हणाला, थांब, मी व्हिडिओ लावतो, आपण आत्ताच नाव आणि पासवर्ड बदलू. आणि तो दिसला मला. दाढी वाढली होती, मागे त्याच्या स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. ह्यांचा जुना कॉम्प्युटर मी सुरू केला, आणि तो सांगू लागला — राउटरच्या पाठीवर आकडे आहेत ते टाक, आता लॉगिन कर, आता वायरलेस लिहिलंय तिथे जा.

आणि मी, जन्मभर टायपिंग केलेली बाई, बटणं शोधत बसले. मुद्दाम. 'एस कुठे आहे रे? अरे, गेलं ते पान, परत सांग.' तो हसला, "आई, तू टायपिस्ट होतीस ना?" म्हणाला. ते हसणं ऐकायला मी अजून दोनदा चुकले. दुपार होत आली तरी आम्ही बोलत होतो. मधेच त्यानं विचारलं, भाकरीचं पीठ मळताना पाणी गरम घ्यायचं का गार. माझ्यासाठी तो सणच होता.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा पुढे आहे. मी त्याला विचारलं, नुसता पासवर्ड बदलला तर? तो म्हणाला, मग चोराला नेट दिसेल पण लागणार नाही, त्याला कळेल की बदललंय. नावही बदललं तर जुनं नेट दिसणारच नाही, त्याला वाटेल गेलंच.  मी म्हणाले, नावही बदलू. 'ऑफिस' ठेव म्हणाले. आधीचं नाव 'निखिलचं घर' होतं, त्यानंच हौसेनं ठेवलेलं. ते मी माझ्या हातानं खोडलं. तेव्हा मात्र बोटांना बटणं बरोबर सापडली. मग तो सांगेल तसा कॅमेराही नव्या नावाला जोडला.

म्हणजे मी फसवलं ते ठरवून. कुणी करायला लावलं नाही.

संध्याकाळी कमल पायरीवर आली. मोबाईल वर धरला, खाली धरला, तुळशीजवळ नेला. "ताई, नेट गेलं का वो?" मी म्हणाले, हो गं, सगळ्यांचंच गेलंय. आत येऊन राउटरवर रुमाल टाकला, दिवे दिसू नयेत म्हणून. रोज यायची, रोज विचारायची. नाही आलं, म्हणायचे मी. कंपनीकडे तक्रार केली आहे, म्हणायचे. एकदा चिडूनही म्हणाले, "मी काय करू मग?" तीच वरमली. म्हणाली, तुमाला तरास देते ताई.

मग एक दिवस सांगायला लागली, "जावई म्हनतो रंजी जेवत न्हाई. नुसती मोबाईलकडं बघत बसती. त्यो सांगतो आई बरी हाय, पर तिला पटंना. रविवारी जाते मी, सुट्टी मागितली हाय." माझ्याकडे आशेनं बघत होती. तुम्ही म्हणाल, आता तरी? आता तरी मी रुमाल काढला असेल?

नाही काढला. कारण काढला असता तर सांगावं लागलं असतं. आणि — आता लपवून काय करू — निखिल परत फोन करणार होता, स्पीड नीट आहे का विचारायला. मी त्या फोनची वाट बघत होते.

रविवार उजाडायच्या आधीच एका दुपारी कुणीतरी माझ्या चौकटीवर थाडथाड हात मारायला लागलं. दार उघडलं तर रंजू. एकटी. जन्मात कधी एकटी एस्टीत न बसलेली पोरगी मिरजगावहून आली होती. साडी मातीनं भरलेली, उजवा हात मनगटापाशी टम्म सुजलेला, पोटाशी धरलेला. नंतर कळलं, नगरच्या स्टँडवर गाडी थांबायच्या आधीच उतरली होती, हातावर पडली. कमलच्या दाराला कुलूप होतं, ती कामावर. ते कुलूप बघून ती माझ्याकडे आली होती. माझ्याकडे बघायची आणि चौकटीवर डावा तळवा मारायची. परत बघायची, परत मारायची. मला वाटलं, रागानं मारते आहे.

मी बोलत सुटले. 'आहे गं, आई आहे, कामावर आहे.' कुणाला सांगत होते? तिला माझे ओठ कळेनात, मला तिचे हात कळेनात. मी मान हलवली, त्याचा तिनं काय अर्थ घेतला कोण जाणे, ती मटकन खाली बसली. मग मी तिचा चांगला हात धरला आणि ओढतच निघाले. चपला घालायचं सुचलं नाही. गुडघा कुठे गेला होता तेव्हा, माहीत नाही. खानावळीच्या मागच्या दारातून तिला आत ढकललं. कमल तव्यापाशी होती. तिनं वळून बघितलं आणि रंजूच्या घशातून जो आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

पिठाच्या हातांनी कमल तिच्याशी बोलत होती, तिच्या गालाला, केसांना पीठ लागत होतं. बऱ्याच वेळानं मला म्हणाली, "तिला वाटलं मी मेले, ताई. तिचा बाप गेला तवा असंच क्येलं हुतं सगळ्यांनी."

तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडे माहेरचं मरण लेकीला सरळ सांगत नाहीत. वडलांना जरा बरं नाही, चल, म्हणतात आणि गाडीत बसवतात. दारातली गर्दी बघून तिला कळतं. रंजूला एकदा असं कळलं होतं. त्यामुळे आई रोज दिसायची बंद झाली आणि नवरा 'बरी आहे, बरी आहे' अशी खूण करायला लागला, तेव्हा तिनं काय समजायचं? आणि चौकटीवर ती तळवा का मारत होती, तेही कमलनंच सांगितलं. 'आई' म्हणायला दोन हात लागतात. तिचा एकच चालत होता. दुसऱ्याच्या जागी तिनं माझी चौकट घेतली होती.

त्याच संध्याकाळी, त्या दोघी दवाखान्यात असताना, मी कॉम्प्युटर सुरू केला. जुनं नाव, जुना पासवर्ड. चहा उकळेपर्यंत झालं सगळं. कमलचा मोबाईल आपोआप लागला. आली तशी म्हणाली, "ताई, नेट आलं बघा." मी म्हणाले, हो, आत्ताच आलं. कॅमेरा मात्र नव्या नावावर होता, तो त्यात बंद पडला. का, ते मी निखिलला सांगितलं नाही. निखिल म्हणतो, दिवाळीला आलो की बघतो. आता तो जास्त फोन करतो म्हणाल, तर तसंही नाही.

रंजूच्या हाताला प्लॅस्टर होतं तोवर ती अर्धंच बोलायची. पुढे प्लॅस्टर निघालं, पण उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. कमलला सगळं कळतं तिचं, पण मधे मधे थांबवून परत विचारावं लागतं. आधी असं विचारावं लागत नव्हतं.

माझ्या पायरीवर अजून रोज संध्याकाळी त्यांचं बोलणं होतं. कमल मोबाईल माझ्याकडे फिरवते. रंजू हसते आणि माझं नाव घेते. डाव्या हाताची कडी डोळ्याला नीट बसते, उजवीची उघडीच राहते. मग ती मूठ पुढे करते आणि उघडते. मी पण हात वर करते.