फळा बघायला गेले होते

नाताळच्या सुट्टीत सगळे कोकणात जातात. मी इंदापूरला निघाले, तेव्हा घरच्यांनी हात टेकले. कारण होतं एक खडूचं चित्र. बावड्याजवळच्या एका गावात आबा पेंटरांनी तरुणपणी देवळाच्या भिंतीवर देवी रंगवली होती. त्याआधी घरी, काळ्या रंगवलेल्या मोठ्या प्लायवुडवर, तिचं तेवढ्याच मापाचं कच्चं चित्र पांढऱ्या खडूनं आणि गेरूनं काढलं होतं. जीर्णोद्धारात भिंतीला टाइल्स लागल्या, देवी गेली. उरलं ते कच्चं काम. मी शाळेत चित्रकला शिकवते, मला ते बघायचंच होतं. (माणसांची नावं बदलली आहेत, कारण पुढं कळेल.)

गावात त्या चित्राला सगळे 'फळा' म्हणतात. आदल्या दिवशी आबांच्या सुनेला, सुनंदाताईंना, फोन करून मीही तेच म्हटलं, "उद्या फळा बघायला येते."

स्वारगेटहून सकाळचीच एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट आहे. बारामती स्टँडसमोर मिसळ बरी, चहा पाणचट. पुढची गाडी वालचंदनगरवरून उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत गेली. इंदापूरला वडापची जीप भरेपर्यंत तासभर थांबले. मळभ होतं आणि उगाचच उदास वाटत होतं.

आबा ऐंशीच्या पुढचे, पडवीत खाटेवर पडून. समोर भिंतीला फळा टेकवलेला.

"पोत्यांमागं व्हता, लई घाण झाला व्हता," सुनंदाताई म्हणाल्या. "तुमी येनार म्हून वल्या फडक्यानं तीनदा पुसला बगा."

फळा काळाभोर होता. खालच्या कोपऱ्यात बोटभर गेरू राहिला होता. आबांनी फळ्याकडं बघितलं.

"झ्याक केलंस, सुनंदा," ते म्हणाले. त्या खूश होऊन चहा ठेवायला आत गेल्या.

"आबा, चूक माझी. मी फळा म्हणाले," मी हलक्या आवाजात म्हटलं.

"तिला बोलू नगा. ती आली तवापासनं त्याचं तोंड भिताडाकडं. पोत्यांच्या खोलीत उजेड न्हाय, रेघा कुठं दिसनार तिला?" मग म्हणाले, "वाईट वाटलं न्हाय असं न्हाय. पर चार वर्सं म्या हितंच पडून हाय. माझं हागणं-मुतणं ती काढती. तिला काय म्हनू, माझं चित्र पुसलंस?"

मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. सगळं खाल्लं. निघताना सुनंदाताई पदर सारखा करून फळ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फोटू काढा की." काढला.

घरी येऊन दोन आठवडे झाले, माझा माझ्यावरचा राग जात नाही. देवीचा चेहरा मी पाहिलाच नाही, आता कुणालाच दिसणार नाही. तुम्ही असं काही बघायला जाणार असाल, तर फोनवर 'चित्र' म्हणा, शब्द नीट वापरा.

काल सुनंदाताईंनी तो फोटो मागितला. पाठवला. लगेच उत्तर आलं, 'फळा किती स्वच्छ दिसतोय ना, ताई?'

मी 'हो' लिहिलं.