पिंकम कोव्हचा एकुलता एक माजी विद्यार्थी

डार्सीने बातमी सांगितली तेव्हा व्हर्ना ॲली धक्क्यावर बसून आमिषाच्या पिशव्यांत खारवलेली हेरिंग मासळी कोंबत होती. हात कोपरापर्यंत बरबटलेले. शेजारी तिची नणंद बर्निस तेच काम करत होती, पण हातापेक्षा तोंडच जास्त चालत होतं.

"कॉलेजचा ईमेल आला," डार्सी म्हणाली. "माझी मुलाखत कोण घेणार ते ठरलं."

"कोण?"

डार्सीने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. "एलरी डायर."

बर्निसच्या हातातली पिशवी पाण्यात पडली. "झालं," ती म्हणाली. "वहिनी, पोरीला आजच बोटीवर घे. उगाच वर्षभर वाट बघायला नको."

त्या दिवशी व्हर्नाने पिशव्यांच्या गाठी इतक्या आवळल्या, की दुसऱ्या दिवशी त्या सुरीने कापाव्या लागल्या.

त्या कॉलेजची रीतच तशी होती. अर्ज केलेल्या मुलाला जवळपास राहणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे पाठवायचं. तो तासभर गप्पा मारणार, पोर कसं आहे ते कॉलेजला लिहून कळवणार. शहरातल्या मुलांना असे माजी विद्यार्थी पैशाला पासरी. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या टोकाच्या किनाऱ्यावर मात्र एकच होता, आणि त्याच्या नि व्हर्नाच्या मधून विस्तव जात नव्हता.

व्हर्नाचा नवरा रॉइस बोटीवरच हृदय बंद पडून गेला, तेव्हा डार्सी दुसरीत होती. सगळं गाव म्हणालं, बोट विकून टाक. व्हर्ना तोवर डबाबंद मासळीच्या कारखान्यात कामाला होती. समुद्र तिने किनाऱ्यावरूनच पाहिलेला. तिने बोट विकली नाही. बर्निसला सोबत घेतलं आणि शेवंडीचे पिंजरे टाकायला निघाली. पहिला हंगाम तिने ओकण्यात काढला. एका हाताने दोर ओढायचा, दुसऱ्याने कठडा धरायचा. धक्क्यावरची माणसं हसायची. पुढच्या हंगामात हसायची थांबली.

त्याच सुमारास एलरी डायरने गावची शाळा बंद केली. एलरी जमीन मोजणीचं काम करायचा, आणि शाळा समितीचा अध्यक्ष होता. पोरं उरली अकरा, छप्पर गळतं, तेव्हा मुलांना बसने पलीकडच्या गावी पाठवा, असा ठराव त्याने गावसभेत मांडला. व्हर्ना उभी राहिली. "तुमच्या नकाशात पोरं म्हणजे ठिपके असतील," ती म्हणाली. "माझ्या ठिपक्याचा बाप नुकताच गेलाय. ती पहाटे अंधारात बसची वाट बघत उभी राहणार, आणि मी समुद्रात असणार." एलरीने शांतपणे छपराच्या खर्चाचा आकडा वाचून दाखवला. मतदान झालं आणि शाळा बंद पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी एलरीच्या पायऱ्यांवर टबभर कुजकी हेरिंग ओतलेली सापडली. कुणी ओतली ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एलरीने स्वतः पायऱ्या धुतल्या आणि चकार शब्द काढला नाही. याचाच व्हर्नाला जास्त राग आला.

तेव्हापासून ती त्याच्या घरावरून जाणारा रस्ता टाळायची. दुकानात ती दिसली की तो शेल्फावरच्या डब्यांवरची अक्षरं वाचत उभा राहायचा. गावानेही जमवून घेतलं होतं. तिच्यासमोर त्याचं नाव कुणी काढत नसे.

डार्सीने त्याला ईमेल लिहिला. उत्तर नाही. दुसरा लिहिला, फोन केला. घंटा वाजून वाजून बंद व्हायची. मुलाखतीची मुदत जवळ येत चालली.

"कॉलेजला कळव," व्हर्ना जेवताना म्हणाली. "म्हणावं, दुसरं माणूस द्या."

"कारण काय लिहू? आईने त्यांच्या पायरीवर मासळी ओतली होती म्हणून?"

व्हर्नाने ताटातला बटाटा चिरडला. "तो मुद्दाम करतोय. इतकी वर्षं दबा धरून बसला होता."

"मग राहू दे," डार्सी म्हणाली. "मुलाखत नसली तरी अर्ज चालतो, असं लिहिलंय त्यांनी." पण ताट तसंच ठेवून ती उठून गेली. चिडली असती, भांडली असती, तर व्हर्नाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वारा इतका होता की एकही बोट सुटली नाही. व्हर्नाने ट्रक काढला आणि टाळलेल्या त्या रस्त्याला लागली. वाटभर ती काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होती. एलरीच्या घराचे पडदे ओढलेले होते. तिने दार ठोठावलं. बऱ्याच वेळाने ते उघडलं.

आत एलरी उभा होता, हनुवटी छातीला टेकलेली, नजर जमिनीवर.

"कोण आहे?" त्याने तिच्या रबरी बुटांना विचारलं.

"व्हर्ना ॲली."

तो एक पाऊल मागे सरला. "हात रिकामे आहेत ना?"

"आहेत. मान वर करून बोला."

"ते जमत नाही. डोळ्याचा पडदा सुटला होता. बँगोरच्या इस्पितळात नेऊन शस्त्रक्रिया केली. आता डॉक्टर म्हणतो, मान खालीच ठेवायची. जेवताना, झोपताना, सगळीकडे. वर केली तर डोळा गेला. बहीण येऊन सूप ठेवून जाते, ते मी नळीने ओढतो." तो बाजूला झाला. "आत ये, दारात वारा लागतो."

व्हर्ना सगळी उजळणी विसरली. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुला कोण सांगणार?" एलरी म्हणाला.

ती खुर्चीच्या कडेला टेकली. तो टेबलावरच्या उशीवर कपाळ टेकून बसला. त्याचं पांढरं डोकंच तिला दिसत होतं. अशा माणसाशी भांडायचं कसं, ते तिला सुचेना.

"माझ्या डार्सीने तुम्हाला ईमेल लिहिलेत. कॉलेजच्या मुलाखतीसाठी."

"डार्सी अर्ज करतेय? आमच्या कॉलेजला?" उशीतून आलेला आवाज एकदम तरतरीत झाला. "मी दोन आठवड्यांत काही वाचलेलं नाही, आणि मान खाली घालून फोनपर्यंत पोचेतो तो बंद पडतो. तो संगणक उघड. वाचून दाखव."

व्हर्नाने तिथे बसून स्वतःच्या लेकीचा ईमेल वाचला. त्यात विशेष काही नव्हतं. नमस्कार, मी अमुक, आपल्या सोयीची वेळ कळवावी, आपल्याला त्रास देते त्याबद्दल क्षमा असावी. शेवटचं वाक्य व्हर्नाने दोनदा वाचलं. उत्तर येत नाही हे पाहून पोरीने दुसऱ्या ईमेलमध्येही पुन्हा क्षमाच मागितली होती.

एलरीने उशीवरचं कपाळ जरा सरकवलं. "व्हर्ना, नियमाने मी कॉलेजला सांगायला हवं की या घराशी माझं वाकडं आहे. ते दुसरं माणूस देतील, फोनवरून बोलणारं. तुला हवं तर आत्ता कळवतो. तुझं काय म्हणणं?"

"तुमचं वाकडं आहे का?"

"शाळेचं म्हणशील तर आज पुन्हा तसाच ठराव मांडेन. ते छप्पर त्याच हिवाळ्यात खाली आलं."

"आणि मी पुन्हा तेवढीच मासळी ओतेन."

उशीत तोंड असल्यामुळे तो हसतोय की खोकतोय, हे तिला लगेच कळलं नाही. हसत होता. "पण ते तुझं-माझं," तो म्हणाला. "पोरीच्या कागदावर मी त्यातलं अक्षर लिहिणार नाही. त्या बसबद्दल तू म्हणाली होतीस, ते मात्र मी विसरलो नाही. वर्षभर पहाटे मी खिडकीशी उभा असायचो, ती बसमध्ये चढेपर्यंत. तुला सांगायचा प्रसंग आला नाही."

व्हर्नाने खिडकीकडे पाहिलं. बसचा थांबा तिथून नीट दिसत होता. इतकी वर्षं समुद्रावर पहाटे पिंजरे ओढताना ती त्या थांब्याचाच विचार करायची, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हीच घ्या मुलाखत," ती म्हणाली.

आता प्रश्न राहिला तो कुठे आणि कशी, याचा. घरात मुलाखत घ्यायची नाही, असा कॉलेजचा दंडक. एलरीला गाडी चालवता येत नव्हती, आणि मान सरळ होईपर्यंत थांबलं तर मुदत गेली असती. शेवटी चर्चच्या तळघरातला हॉल ठरला, आणि त्याला तिथे पोचवायचं काम व्हर्नाकडे आलं.

शनिवारी ती त्याला न्यायला गेली. ट्रकमधला मासळीचा वास घालवायला तिने तो दोनदा धुतला होता. तो पुढे वाकून बसला, कपाळ डॅशबोर्डवर.

"वास येतोय का?" तिने विचारलं.

"ओळखीचा आहे," तो म्हणाला.

हॉलमध्ये चर्चच्या बायका नाताळच्या बाजारासाठी जॅमच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. व्हर्नाला एलरीचा दंड धरून जिना उतरताना पाहिलं आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाकड्या चिकटल्या. डार्सी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिने आईला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं.

व्हर्ना ट्रकमध्ये बसून राहिली. डार्सीचा स्वभाव तिला ठाऊक होता. परक्या माणसाने टक लावून पाहिलं की पोरीची वाचाच बसायची. तास उलटला. दुसराही उलटत आला. मधे एक बाई कॉफी घेऊन आली. "अजून बोलतायत," ती म्हणाली. "म्हणजे पोरगीच बोलतेय. ते नुसतं हं हं करतायत."

डार्सी वर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "आई, ते माझ्याकडे बघूच शकत नव्हते," ती म्हणाली. "मी काय काय बोलले मलाच माहीत नाही. बाबांबद्दल बोलले. भरतीच्या पाण्याच्या तपमानाबद्दल बोलले. मला भूक लागलीय."

व्हर्नाचा जीव भांड्यात पडला. कॉलेजात प्रवेश मिळो न मिळो, ज्या पोरीचं जेवण आठवडाभर ताटात राहत होतं, ती खायला मागत होती. तिघं पेट्रोलपंपावरच्या खाणावळीत गेली. एलरीने चावडर, म्हणजे मासळीचं दाट सूप, नळीने ओढायचा प्रयत्न केला. बटाट्याची फोड नळीत अडकली, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

डिसेंबरच्या मध्यावर व्हर्ना आणि बर्निस हंगामाचे शेवटचे पिंजरे वर काढत होत्या. तेवढ्यात बोटीवरचा बिनतारी रेडिओ खरखरला. घरच्या रेडिओवरून डार्सी बोलत होती. तो चॅनल सगळ्या बोटींवर चालू असतो, हे ती साफ विसरली होती.

"आई, घेतलं मला त्यांनी."

व्हर्नाने माईक उचलला. "ऐकलं," ती म्हणाली, आणि माईक हातातच धरून राहिली. चॅनलवर एकेक बोट डार्सीचं अभिनंदन करू लागली. बर्निसने भावजयीच्या हातातला माईक काढून घेतला, इंजिन बंद केलं आणि थर्मासमधली कॉफी ओतली. पिंजऱ्यांच्या ढिगावर टेकून दोघी प्यायला बसल्या. बोट लाटांवर हलत राहिली, आणि अंधार पडायच्या आत धक्क्याला लागायची त्यांना काही घाई नव्हती.