लीड्समधली पंगत

इंग्रजी अमदानीत मी इंग्लंडमधल्या लीड्सला शिक्षणशास्त्र शिकायला गेलो तेव्हा खोली मिळवताना नाकी नऊ आले. दारावर ‘खोली भाड्याने’ अशी पाटी असायची आणि दार उघडून माझा चेहरा पाहिला की, “आत्ताच गेली हो!” शेवटी एका विधवा बाईंनी घरात घेतलं, पण बोलीवर. म्हणाल्या, “माझी हरकत नाही. वडील मात्र म्हातारे आहेत. परका माणूस त्यांच्या पचनी पडतो का, ते महिनाभर पाहू.” म्हणजे माझं छप्पर त्या म्हातारबांच्या मर्जीवर होतं. ते आयुष्यभर ट्राम चालवून थकलेले. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरत असे. बोलणं जवळजवळ नाहीच.

मी मूळचा धामणगाव बढ्याचा. आमच्या घरात शिस्त फारशी कशाचीच नव्हती, पंगतीची मात्र कडक होती. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही. लहानपणी मी एकदा खेळायच्या घाईनं उठलो, तर मोठे काका गरजले, “काऊन उठला बे? आजाचं जेवण होऊन राह्यलं ना अजून! बस खाली.” तेव्हापासून जे बसलो ते बसलोच.

लीड्सच्या त्या टेबलावर बाई आणि दुसरे भाडेकरू भराभर जेवत आणि माफी मागून उठत. मागे राहत म्हातारबा. आणि अर्थात मी. पहिल्या दिवशी बाईंना वाटलं मी उपाशी आहे, त्यांनी आणखी दोन बटाटे वाढले. ताटात टाकायचं नाही म्हणून तेही गिळले. म्हातारबा मटाराचे दाणे काट्याच्या पाठीवर चढवून तोंडापर्यंत न्यायचे. मला त्या कसरतीचं भारी नवल वाटे. चमचा हाताशी असताना ही माणसं असं का करतात? निम्मे दाणे वाटेतच घरंगळत. मी टक लावून बघत बसे आणि मनात म्हणे, म्हाताऱ्याला सोबत होतेय, आपली खोली पक्की.

एका संध्याकाळी त्यांची खुर्ची रिकामी दिसली. बाई अवघडून म्हणाल्या, “वडील जेवायला येत नाहीत. तुम्ही त्यांचा हात बघत बसता, असं म्हणतात. दुसरीकडे खोली बघाल का?”

मी तडक त्यांच्या खोलीचं दार वाजवलं आणि पंगतीची सगळी हकीकत सांगितली. जेवणाऱ्याला एकटं टाकून उठणं आमच्याकडे अपमान, म्हणून बसत होतो. ते म्हणाले, “आमच्याकडे म्हाताऱ्याची फजिती दिसली की मान वळवतात.” दोघंही आपापल्या परीनं सभ्य, आणि झाला हा घोळ!

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “सगळ्या हिंदुस्थानात असंच जेवतात का?”

‘हो’ ओठांवर आलं होतं, पण अडलं. वर्गात माझ्या शेजारी एक बंगाली बसे, मागे एक पंजाबी. त्यांच्या घरी कोण कधी उठतं, मी कधी विचारलंच नव्हतं. इंग्लंडच्या राजांची वंशावळ मात्र तोंडपाठ! “ठाऊक नाही,” मी म्हणालो. “माझ्या गावापुरतं सांगू शकतो.”

म्हातारबांना आता गोडी लागली. “पण तू आमच्याच राजाची प्रजा ना?”

“तेही धड नाही. आमचं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं. तुमच्या सरकारनं ते कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलंय आणि मध्यप्रांताला जोडून कारभार चालवलाय.”

बुलढाण्याच्या शाळेत हे आम्ही पाढ्यासारखं घोकलं होतं. त्यात काही विचित्र आहे हे त्यांचा चेहरा पाहून प्रथमच मला जाणवलं. ते खोकला येईपर्यंत हसले.

“म्हणजे आमचं सरकार तिथं भाडेकरू! मी सारा जन्म भाड्याच्या घरात काढला, आणि सरकारही तसंच? भाडं देतात का वेळेवर?”

“देतात. निजामाला.”

“आणि घरात राहणारे तुम्ही? तुम्हाला काय विचारलं?”

“आम्हाला कोणीच काही विचारलं नाही.”

त्यांचं हसू थांबलं. मग त्यांनी लेकीला हाक मारली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता निकाल लागणार. पण म्हातारबा बोलले ते माझ्याशी.

“तुला राहायचंय का इथं?”

बुलढाण्याला कचेरीतले साहेब मी पाहिले होते, त्यांचे हुकूमही ऐकले होते. पण माझी मर्जी काय, हे गोऱ्या माणसानं मला पहिल्यांदाच विचारलं होतं. ‘हो’ म्हणायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते थांबले.