न पुकारलेला लिलाव

नगरपालिकेने विकलेल्या जमिनीच्या एका पट्टीवर त्या दिवशी सकाळी खांबांसाठी खड्डे खणले गेले आणि एका बाईच्या घराचे दार बंद होण्याची वेळ आली. हे प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

मी तेव्हा बालाघाटला ठाण्याचा प्रभारी होतो. तक्रार बाईची नव्हती, तिच्याविरुद्ध होती. जागा घेणारा व्यापारी, एका भातगिरणीचा मालक, सांगत होता की ही बाई खांब रोवू देत नाही, खड्ड्यात पाय सोडून बसते. मी जागेवर गेलो. नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला होता, तो वारलेला. घरात ती आणि एक मुलगी. दारासमोरची पट्टी इतकी चिंचोळी की त्यात बैलगाडीसुद्धा वळली नसती.

मी व्यापाऱ्याला विचारले, "इथे बांधणार काय?"

"ते माझं मी पाहीन साहेब. नियमानं बोली लावली. तिले पाहिजे होती तं यायचं होतं."

त्याचे बोलणे कायद्याने बरोबर होते. पण भातगिरणीच्या मालकाला ही पट्टी कशाला हवी, हा प्रश्न मला सोडेना. मी नगरपालिकेतून लिलावाच्या फायली मागवल्या. त्याने गावात अशा आणखी काही पट्ट्या घेतल्या होत्या आणि प्रत्येक पट्टी कोणाच्या तरी दाराला नाहीतर विहिरीच्या वाटेला लागून होती. त्याला पट्टी नको होती. वाट अडली की शेजारी कंटाळून घर विकतो, हे त्याने ओळखले होते.

तरी कागद पक्का होता. लिलावाआधी वस्तीत मुनादी, म्हणजे दवंडी, दिल्याची नोंद होती. खाली नगरपालिकेच्या डफडेवाल्याचा अंगठा आणि दोन पंचांच्या सह्या. मी ती नोंद बाईला वाचून दाखवली.

ती म्हणाली, "तारीख वाचा बरं पुन्हा."

मी वाचली.

"त्या दिवशी आमचे हे गेले साहेब. मयत याच अंगणात होती. सारा मोहल्ला इथं बसला होता. कोणी लिलाव पुकारला असता तं लोकाइनं त्याले गल्लीतून जाऊ देलं असतं काय?"

मी एका पंचाला ठाण्यात बोलावले. तो दुसऱ्या गावचा, लालबर्ऱ्याचा, व्यापाऱ्याच्या गिरणीवर कामाला. त्याला मयतीबद्दल काहीच बोललो नाही. एवढेच विचारले, "मुनादी झाली तेव्हा गल्लीत कोण होतं?"

"कोण राहीन साहेब? सारे कामावर. एक कुत्रं भुंकलं, बस."

मी ते वाक्य जबाबात जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्याची सही घेतली. खोटे बोलणारा माणूस जागा नेहमी रिकामी सांगतो, म्हणजे साक्षीदार उरत नाही.

डफडेवाला म्हातारा होता, आणि त्याच्यावर आजवर ठपका नव्हता. त्याने खोटा अंगठा का दिला, हे मला त्या व्यापाऱ्यापेक्षाही जाणून घ्यायचे होते. मी चहा मागवला. त्याने कप हातात धरून ठेवला.

"डफडं घेऊन गेलतो साहेब. गल्लीच्या तोंडाशी पाहतो तं अंगणात मयत. त्याच घरापुढं त्याच जागेचा लिलाव पुकारू काय? फिरलो वापस. नगरपालिकेच्या बाबूले मनलं, उद्या देतो मुनादी. बाबू मने, कागद आजच पाह्यजे, लाव अंगठा."

"काहून लावला?"

"पोट आहे ना साहेब."

"मग आज काहून सांगून राह्यला?"

"थे बाई रस्त्यात भेटली तं काका मनते. आता नोकरी जाते, मले समजते. लिवून घ्या."

मी लिहून घेतले. लिलाव रद्द झाला. बाबूवर आणि पंचांवर गुन्हा दाखल झाला. अहवालाच्या शेवटी मी एक ओळ जास्तीची लिहिली: अशा पट्ट्या आधी लगतच्या घरमालकाला ठरलेल्या दराने द्याव्यात, त्याच्या घरी जाऊन विचारावे, आणि तो नाही म्हणाला तरच लिलाव करावा. माझ्या वरच्या साहेबांनी मला बोलावून विचारले, "तुम्ही तपास करता की नगरपालिका चालवता?" ओळ मात्र त्यांनी खोडली नाही. पुढे नगरपालिकेने तसा ठराव केला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते तेव्हा अर्धेच समजले होते. व्यापारी नोटिसा वाचतो, कारण तो त्याचा धंदा आहे. शेजारी आपल्या घरात राहत असतो, त्याला वाटते की घर आहे म्हणजे वाट आहेच. उरलेले अर्धे गेल्या वर्षी समजले. माझी पत्नी गेली आणि टपालाने आलेली पाकिटे मी दोन महिने उघडली नाहीत. त्यांत एक नोटीसही होती, आणि तिची मुदत तर पाकिटावरच्या तारखेपासूनच सुरू झाली होती.

डफडेवाल्याला कामावरून काढले. त्याच्यासाठी मी दोनदा अर्ज लिहिला, उपयोग झाला नाही. बाई आता हयात नाहीत. पट्टी त्यांच्या मुलीच्या नावावर आहे. ती तिथे धान वाळवते.