घालायला की ठेवायला

शिट्टीमास्तरांच्या उजव्या टाचेला तोंड होतं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला रे टेकला की ती पहिली बोंब मारायची, आणि मग भिंत धरून दहा-बारा पावलं टाकेपर्यंत मास्तर कुणाशी बोलायचे नाहीत. पोटापाण्यासाठी ते पाण्याचेच मीटर वाचत. दिवसभर जिने, तळघरं आणि गंजलेली झाकणं. पण शनिवार-रविवारी ते बास्केटबॉलचे पंच असत, आणि गेली सव्वीस वर्षं काळ्या दोरीतली एकच शिट्टी त्यांच्या गळ्यात होती. त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, आणि तिथून ते कुणी उचललं नव्हतं.

पंचांना वर्षातून एकदा धावण्याची परीक्षा द्यावी लागते. वीस मीटरवर दोन रेघा. यंत्रातून ‘टूं’ आवाज यायच्या आत पलीकडची रेघ गाठायची, वळायचं, पुन्हा अलीकडची. दोन आवाजांमधला वेळ हळूहळू कमी होत जातो. अशा सहासष्ट फेऱ्या. एकदा उशीर झाला तर ताकीद, दुसऱ्यांदा झाला तर बाहेर. आणि पन्नाशी उलटलेल्यांसाठी नियम आणखी कडक: एकदा नापास झालात की मैदान कायमचं सुटलं, मग टेबलाशी बसून गुण मांडायचे. मास्तर त्रेपन्न वर्षांचे होते. टेबलाशी बसणं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसणं, असं ते म्हणत.

ती टाच गप्प बसायची ती एकाच जातीच्या बुटात. मागे निळा पट्टा असलेला तो बूट कंपनीने दहा-अकरा वर्षांपूर्वी काढला आणि दोन वर्षांत बंद केला. मास्तरांनी तेव्हा दोन जोड घेऊन ठेवले होते, आणि ते आळीपाळीने घालत, शिवत, चिकटवत त्यांनी इतकी वर्षं रेटली. यंदा मात्र चांभारानेही हात टेकले. त्याने बूट उलटा केला, सुलटा केला आणि काउंटरवर ठेवून दिला.

“मास्तर, शिवायला माझी ना नाही,” तो म्हणाला. “पण धाग्याला धरायला बूट तरी पाहिजे ना?”

परीक्षेला दीड महिना उरला होता. मास्तरांनी दुकानातले इतर बूट घालून पाहिले, महागातले जेल भरलेले पाहिले, टाचेखाली रबरी वाटी ठेवून पाहिलं. पंधराव्या फेरीलाच टाच किंचाळायची. आणि अशा वेळी बातमी आली की कंपनी ‘निळी टाच’ पुन्हा काढतेय. मास्तरांनी आनंदाने बायकोच्या शिलाई मशिनवर थाप मारली, तर तिची शिवण वाकडी गेली.

“पण अहो, लिमिटेड म्हणजे काय?” फोनवरची जाहिरात वाचत तिने विचारलं. “बूट विकायचेत की विकायचे नाहीत, एकदा काय ते ठरवा म्हणावं.”

तिने थट्टेत विचारलं होतं, पण सगळं दुखणं त्याच एका शब्दात होतं.

बूट फोनवर सकाळी दहाला खुले होणार होते. दहाला मास्तर कुणाच्या तरी तळघरात नळ्यांमध्ये वाकलेले असणार, म्हणून ते पावणेदहालाच वर येऊन जिन्यात उभे राहिले. दहा वाजले. पडद्यावर एक गोल फिरू लागला: ‘आपण रांगेत आहात.’ मास्तरांनी श्वास धरला. एक मिनिट पाच सेकंदांनी गोल थांबला: ‘सर्व जोड संपले.’ जिन्यावरून उतरणाऱ्या बाईंनी विचारलं, “काय हो, कुणी गेलं का?” इतका त्यांचा चेहरा पडला होता.

माणसांच्या रांगेत यंत्रं उभी असतात, हे त्यांना नंतर कळलं. एकेक पठ्ठ्या असं काहीतरी लावून ठेवतो की मास्तरांनी एक बोट टेकवेपर्यंत त्याची शंभर नावं पुढे गेलेली असतात. तासाभरात तेच बूट, त्याच खोक्यात, चौपट किमतीला विकायला आले. विकणाऱ्याने त्यात पाय घातला नव्हता, घेणाराही घालणार नव्हता. बूट एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाणार, आणि जाता जाता महाग होणार. ज्यांच्या पायांना त्याची गरज होती त्यांनी काय हातांवर चालायचं?

आठवड्याने एका दुकानात सोडत होती. ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं, मग चिठ्ठ्या. मास्तर पहाटेच जाऊन रांगेत लागले, तरी त्यांच्या पुढे साठजण. अगदी पुढे एक काका अख्खं खानदान घेऊन आले होते, सासूबाईंसकट. सासूबाईंच्या हातात काठी आणि पायात सपाता. सासूबाईंची चिठ्ठी निघाली. त्यांना पुरुषांचा नऊ नंबर मिळाला, नेमका मास्तरांच्या मापाचा. मास्तरांनी त्या काकांना गाठलं, टाचेचं सांगितलं, परीक्षेचं सांगितलं. काकांनी सहानुभूतीने सगळं ऐकून घेतलं आणि पाचपट किंमत सांगितली.

त्या दिवशी मास्तर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. बायको उशाशी बसली. “नसेल जमत तर नाही जमत,” ती म्हणाली. “टेबलाशी बसलात तर काय मोठं बिघडतं? मी नाही का जन्मभर टेबलाशी बसलेय?”

“तू शिवतेस गं,” मास्तर म्हणाले. “मी दुसऱ्यांचे आकडे लिहायचे. ते तर मी रोजच करतो.”

परीक्षेला अकरा दिवस राहिले असताना ती जाहिरात दिसली. पहिल्या वेळची मूळ निळी टाच, नऊ नंबर, ‘डेडस्टॉक’. म्हणजे दुकानातून आणल्यापासून एकदाही न घातलेली. नवी निघाल्यामुळे जुनीचा भाव थोडा उतरला होता, तरी तो ऐकून माणूस खाली बसावा असा होता. बायकोने स्वतःहून नव्या मशिनसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले.

“डेड म्हणजे मेलेलं ना?” तिने मात्र विचारलंच. “मेलेल्या मालाला एवढा भाव?”

“म्हणायची पद्धत आहे तशी,” मास्तर म्हणाले.

विकणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर निघाल्या. दवाखाना एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. शेवटचा रुग्ण गाल धरून बाहेर पडला तसं डॉक्टरांनी मास्तरांना आतल्या खोलीत नेलं. तिथे जमिनीपासून छतापर्यंत खोकी होती. प्रत्येक खोक्यावर बारीक अक्षरात तारीख. डॉक्टरांनी हातमोजे बदलले, एक खोकं उतरवलं आणि कागद असा उलगडला की आत बाळ झोपलंय असं वाटावं. निळा पट्टा लखलखीत होता. मास्तरांच्या टाचेला आपोआप मुंग्या आल्या.

“एक विचारू?” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी बूट हातातच धरला होता. “घालायला हवेत की ठेवायला?”

मास्तर गडबडले. त्यांनी खोक्यांची भिंत पाहिली, हातमोजे पाहिले. ही बाई बूट पायात घालणाऱ्याला बूट देणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. सव्वीस वर्षं मैदानावर खोटं पकडणारा माणूस तो, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं:

“ठेवायला.”

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. “बरं झालं. घालायला मागणारे येतात हो. मी त्यांना दारातूनच परत पाठवते.” आणि आता पाय घालून बघू का, असं विचारायची सोयही उरली नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी बूट घातले आणि फरशीवर दहा पावलं टाकली. टाच चकार शब्द बोलली नाही. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बायकोला ते दिसलं म्हणून त्यांनी उगाच शिंकल्यासारखं केलं. मग त्यांनी बूट काढले, पुसले, कागदात गुंडाळले आणि खोकं कपाटावर ठेवलं. सराव जुन्याच फाटक्या बुटांत, टाच आवळून. नवे वापरून झिजवायचे कशाला? बायको म्हणाली, “अहो, नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते तुम्ही खोक्यातच काढणार का?” दोन दिवसांनी झाडता झाडता तिने आणखी एक सांगितलं: “तुमच्या बुटांतून पीठ सांडलंय बघा.” तिच्या बोटावर पिवळट भुकटी होती. मास्तर म्हणाले, खोक्यातला कागद जुना आहे, त्याची असेल.

परीक्षेच्या दिवशी क्रीडासंकुलात सातजण रेघेवर उभे राहिले. यंत्रापाशी परीक्षक म्हणून लंबू होता. हा लंबू पूर्वी खेळायचा. एकदा शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याचा बूट फाटला, त्याने घड्याळ थांबवा म्हणून विनवण्या केल्या, आणि मास्तरांनी थांबवलं नव्हतं. “बूट तुझा, घड्याळ सगळ्यांचं,” ते म्हणाले होते. सामना गेला. पुढे ते वाक्य सगळ्या मैदानांवर फिरलं.

टूं. मास्तर निघाले.

वीस फेऱ्या झाल्या, टाच गप्प. तीस झाल्या. पलीकडचा तिशीतला पंच फासफूस करत होता, मास्तर मात्र वळताना तोलही जाऊ देत नव्हते. चाळीस. आवाज जवळजवळ येऊ लागले. मास्तर मनात मोजत होते आणि आज कित्येक महिन्यांनी ते फेऱ्या मोजत होते, दुखणं नव्हे. चव्वेचाळीसाव्या फेरीला रेघेवर पाय दाबून ते वळले, आणि दाबलेला पाय तिथेच खचला. बिस्कीट मोडावं तसा उजव्या बुटाचा तळ तुटला. वरचा बूट पायात, खालचा रेघेवर, आणि मधे पिवळा भुगा. टूं. लंबूचा आवाज आला, “ताकीद!” आणि मग तो स्वतःच दचकल्यासारखा पुढे आला.

“सर, थांबवू का? बूट बदला, सगळे पुन्हा सुरुवातीपासून घेऊ.”

बाकीचे सहाजण धावत होते. पंचेचाळीसावी फेरी, त्यांच्या पायांत दम उरला नव्हता. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांना लंबूला ‘थांबव’ म्हणायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं.

“बूट माझा,” ते म्हणाले, “घड्याळ सगळ्यांचं. चालू दे.”

त्यांनी उजवा बूट लाथेने उडवला, तुटायच्या बेतातला डावाही उडवला आणि ते मोज्यांवर धावू लागले. टाचेने गेल्या चव्वेचाळीस फेऱ्यांचं सगळं तोंडसुख एकदम घेतलं. पन्नास. त्यांचा चेहरा पांढरा पडला. चोपन्न. वळताना मोजा घसरला आणि ते हातांवर पडले, उठले, आवाजाच्या आत रेघ गाठली. सत्तावन्न. अठ्ठावन्नाव्या फेरीला रेघ दोन पावलांवर होती तेव्हा टूं वाजलं. लंबूने काही म्हणायच्या आधी मास्तर स्वतःच बाजूला झाले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली, आणि मग भुगा मैदानभर पसरू नये म्हणून वाकून तो गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन दवाखान्यात गेले. रात्रभर त्यांनी भांडणाची तयारी केली होती. फसवणूक, चोरी, असले शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. डॉक्टरांनी पिशवीत पाहिलं आणि त्या मटकन रुग्णाच्या खुर्चीत बसल्या.

“तुम्ही घातले?” त्या म्हणाल्या. “अहो, दहा वर्षं जुने बूट! तळातला हा फोम वापरला नाही तरी आतून विरत जातो. ठेवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. घालायला म्हणाला असतात तर मी हेच सांगून परत पाठवलं असतं. म्हणून तर विचारलं होतं मी.”

मास्तरांनी आतल्या खोलीच्या उघड्या दारातून खोक्यांच्या भिंतीकडे पाहिलं.

“मग हे सगळे?”

“हेसुद्धा,” डॉक्टर म्हणाल्या. “कित्येक खोकी तर मी दोन-दोन वर्षं उघडलेली नाहीत. धीरच होत नाही.” मग त्या उठल्या. “मी तुमचे पैसे परत देते.”

“नको. तुम्ही सरळ विचारलं होतं, खोटं मी बोललो,” मास्तर म्हणाले आणि पिशवी उचलून दाराकडे वळले. उजवा पाय ते अलगद टेकत होते.

“थांबा ना,” डॉक्टर मागून म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले होते आणि पिशवीतून बाहेर आलेल्या निळ्या पट्ट्याकडे त्या पाहत होत्या. “मी तो जोड कधीच पायात घातला नाही. कसे वाटले हो? धावताना?”

मास्तर दारात थांबले. या वेळी ते खरं बोलले.

“चव्वेचाळीस फेऱ्या, डॉक्टर. मला टाच आहे, हेच मी विसरलो होतो.”