आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांनो

स्पष्टच लिहिते, कुणाला राग आला तर येऊ दे.

परवा माझ्या चार वर्षांच्या लेकीला बारामतीत सलाईन लावलं. उलट्या, जुलाब. डॉक्टर म्हणाले, पोटाचा व्हायरस आहे, हातांवरून पसरतो, गर्दी करू नका. तासाभरात निरवांगीहून चुलत सासूबाई सात जणांना घेऊन हजर!

तेवढ्यात लेकीला उलटी झाली. काकूंनी मायेनं तिचं तोंड पुसलं आणि त्याच हातांनी डाळिंब सोलून सगळ्यांना दाणे वाटले. मी म्हटलं, "काकू, आधी साबणानं हात धुवा."

"आमी काय परकी हाय व्हय गं?"

अहो, व्हायरस आपलं-परकं बघत नाही!

काल लेकीला घरी आणलं आणि आज सकाळी काकूंकडून फोन आला. त्यांच्या घरात चौघं आडवे, काकूंना सलाईन. मला वाटलं, आता तरी आमच्याकडं डोकी ठिकाणावर येतील. तर माझ्या सासूबाई डाळिंबांची पिशवी घेऊन दारात उभ्या.

"ती आली व्हती, आपल्याला बी जायला पायजे. लेकराला बी घे."

मी पिशवी काढून घेतली. तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

न जाणं हीसुद्धा माया असते, हे तुमच्या घरात कुणाला पटलंय का? कसं पटवलंत, तेवढं सांगा.