भुर्जीची साक्ष

हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा. मध्येमध्ये हसलात तर मी सांगणार नाही. माझी इज्जत तशीही फार उरलेली नाही, जी आहे ती एकदमच जाऊ दे.

झालं असं, की मला मांजराची भाषा येते असा मला शोध लागला होता.

म्याँवची नाही हो! ती कुणालाही येते. म्याँव म्हणजे "खायला दे", संपलं. मी म्हणतेय ती अंगाची भाषा. शेपटी, कान, मिशा, डोळे. मी मानसशास्त्रात बी.ए. केलंय. घरातली माणसं काही मला त्यांचं मन वाचू देईनात, म्हणून मी मांजराकडं वळले. फोनवर एक बाई फक्त मांजरांचे व्हिडिओ करते. ते बघून बघून मी अशी तयार झाले, की शेजारच्यांचं मांजर नुसतं जिन्यातून गेलं तरी मी सांगायची, "आज त्याचं मन लागत नाहीये."

आमच्या मांजरीचं नाव भुर्जी. रंग पिवळा, पांढरा आणि मधूनमधून काळा, अगदी कढईला जरा लागलेल्या भुर्जीसारखा. आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडली आणि माझ्या मानेवर झोपायला लागली. हो, मानेवर. उन्हाळ्यातसुद्धा.

घरात आई, बाबा, मी आणि बाबांचे थोरले भाऊ, अण्णा. अण्णा सरकारी खात्यातून रिटायर झाले, पण खातं काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा आमच्याकडं अण्णांच्या मंजुरीनं होतात. त्यांचं आणि माझं कसं जमत असेल, तुम्हीच बघा.

श्रावण लागला आणि अण्णांचा पहिला हुकूम निघाला.

"त्या मांजराला महिनाभर भुर्जी म्हणायचं नाय."

"का?"

"श्रावणात घरात अंड्याचं नाव नको."

"मग काय म्हणू?"

"पोहे म्हण."

मी "पोहेऽऽ" अशी हाक मारली, तर मांजर जागचं हललं नाही. बाबा मात्र चमचा घेऊन आले.

दुसरा हुकूम तिच्या खाऊच्या पाकिटावर निघाला, कारण त्यावर माशाचं चित्र होतं. म्हणे हिलाही श्रावण! दूध-पोळी द्यायची.

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, मांजर मांसाहारीच असतं. तिची शरीररचनाच तशी आहे!"

"वाघाची बी तशीच हाय. म्हणून काय वाघ सोफ्यावर बसवायचा?"

मोठ्या माणसांशी वाद घालणं म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टचं बटण दाबत बसण्यासारखं आहे. मी पाकीट गच्चीत नेऊन लपवलं आणि तिथं तिला खाऊ घालायला लागले.

पण पुढच्याच सोमवारी घात झाला. अण्णा देवापुढं डोळे मिटून बसले होते. भुर्जी कुठून तरी उंदीर घेऊन आली आणि तिनं तो बरोबर त्यांच्या मांडीपाशी ठेवला. अण्णांनी डोळे उघडले आणि उंदराच्या आधी तेच ओरडले.

मी धावत गेले. "अण्णा, रागावू नका! ही भेट आहे. तिनं तुम्हाला आपलं मानलंय. तुम्हाला शिकार जमत नाही असं तिला वाटतं, म्हणून ती तुम्हाला आणून देतेय."

आत्ता सांगताना कळतंय, की हे वाक्य मी तिथंच गिळायला हवं होतं.

तिसरा हुकूम तिथल्या तिथं निघाला. "रविवारी शकू येतीय फुलंब्रीहून. तिच्या गोदामात उंदरं लई झालेत. मांजर घेऊन जाईल ती. मांसाहारी जीव श्रावणात या घरात राहणार नाय. बिलकुल नाय."

शकुंतला आत्या म्हणजे अण्णांची आणि बाबांची धाकटी बहीण. तिचं गोदाम मी पाहिलंय. तिथले कुत्रे ट्रॅक्टरलासुद्धा भीत नाहीत. आणि माझी भुर्जी? ती मिक्सर लावला तरी कपाटावर चढते! मी रडले, ओरडले, जेवण सोडलं. (संध्याकाळी परत धरलं.) अण्णा ढिम्म.

त्याच संध्याकाळी मला ते दिसलं.

अण्णा रोज संध्याकाळी टोपी घालून, कापडी पिशवी घेऊन औरंगपुऱ्याकडं फिरायला जातात. परत आले की पिशवी खुंटीला. त्या दिवशी पिशवी अडकवली आणि भुर्जी खाली येऊन उभी राहिली. शेपटी सरळ वर, टोक थरथरतंय. मिशा पुढं. मग उडी मारून पिशवीला गाल घासले. मग तोंड अर्धवट उघडं ठेवून शून्यात बघत बसली, भूत पाहिल्यासारखी.

मी मनातल्या मनात वाचत गेले. मिशा पुढं, म्हणजे शिकार. शेपटी थरथरतेय, म्हणजे परमानंद. तोंड उघडं, म्हणजे वासानं तोंडाला पाणी सुटलंय.

पिशवीत मटण!

अहो, औरंगपुऱ्याच्या पलीकडच्या गल्ल्यांत नान-खलिया मिळतो! बाहेरगावच्यांसाठी सांगते, खलिया म्हणजे आमच्या शहराचं झणझणीत मटण, आणि नान म्हणजे त्यात बुडवायची पिवळी गुबगुबीत रोटी. आम्हाला श्रावण लावून हे गृहस्थ रोज फिरायच्या नावाखाली खलिया हाणत होते! आणि उपाशी मांजराला धाडणार फुलंब्रीला! भर सभेत आत्यासमोर यांना उघडं पाडलं, तर कुठल्या तोंडानं मांजर बाहेर काढणार होते?

रविवारी सकाळी अण्णा पिशवी घेऊन निघाले. म्हणे शकूसाठी भाजी आणतो. मी ओढणी तोंडाला गुंडाळली, स्कूटी काढली आणि त्यांच्या रिक्षामागं लागले. क्रांती चौकातल्या गर्दीत रिक्षा दोनदा हरवली, पुन्हा सापडली. शेवटी अण्णा उतरले, भाजी घेतली आणि एका गल्लीत शिरले. गल्लीच्या तोंडाशीच काय असावं? नान-खलियाचं हॉटेल!

अण्णा आत दिसेनात. असतील मागच्या बाजूला, असं म्हणून मी कोपऱ्यातलं टेबल धरलं.

वेटर आला. तिकडं ताईला बाजी म्हणतात. "क्या होना, बाजी?"

"कुछ नहीं. किसी का इंतजार कर रही हूँ."

"इंतजार बाहर करते, बाजी. इधर खाते."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? पाळत ठेवायची तर बसायला हवं, बसायचं तर समोर ताट हवं. मागवला खलिया. आणि ताट समोर आल्यावर... अन्न वाया घालवणं मला पटत नाही. ओढणी तोंडावरून खाली ओढली आणि मी संशोधनाला लागले. शेवटच्या घासाला नान कमी पडली म्हणून आणखी एक मागवली.

एवढ्यात अण्णा दिसले! हॉटेलात नाही, गल्लीतून बाहेर येताना. पिशवी पोटाशी घट्ट धरलेली, नजर इकडं-तिकडं. चोरच! आता ते हॉटेलात बसलेले मी पाहिले का? नाही पाहिले. त्यांना खाताना पाहिलं का? नाही. पण हे सगळे तपशील झाले हो! देहबोली खोटं बोलत नाही.

घरी येऊन मी साबणानं हात धुतले, मूठभर बडीशेप चावली आणि बाहेरच्या खोलीत गेले. अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि आत्याही आलेली होती. शेजारी झाकणाची मोठी वेताची टोपली.

"कुठंय गं मांजर? दे इकडं. ऊन व्हायच्या आत निघते मी."

"थांब आत्या!" माझा आवाज इतका चढला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भुर्जी कुठंही जाणार नाही. या घरात खरा मांसाहारी जीव कोण आहे, ते आधी ठरू दे!"

बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "ऋते, काय तमाशा लावलाय?"

"तमाशा मी नाही लावला. अण्णा, ती पिशवी जमिनीवर ठेवा."

अण्णांचा हात झटकन पिशवीवर गेला. "कशाला? भाजी हाय तिच्यात."

"बघितलंत? हात बघा! हे लपवण्याचं लक्षण आहे."

मी बेडरूमचं दार उघडलं. भुर्जी आली, क्षणभर थबकली आणि थेट पिशवीकडं! मी क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखी सुरू झाले. "बघा, शेपटी सरळ! टोक बघा टोक! मिशा पुढं आल्या. गाल घासतेय. आणि आता तोंड उघडणार... उघडलं! आई, मांजर साक्ष देतंय. या पिशवीतून मटणाचा वास येतोय. अण्णा रोज खलिया खातात!"

"दादा?" आत्या डोळे मोठे करून म्हणाली. "भर श्रावणात?"

"आगं, काय बी बोलती ही पोरगी!" अण्णा उठायला लागले. तोवर मी पिशवी उलटी केली.

मेथी पडली. दोडके पडले. आणि शेवटी कागदात गुंडाळलेली एक बाटली घरंगळत आत्याच्या पायाशी गेली. आत्यानं कागद सोडला. बाटलीवर एका माणसाचं चित्र, डोक्यावर सिंहासारखी आयाळ. खाली लिहिलेलं होतं, "बालछड म्हणजेच जटामांसीचं खास केशवर्धक तेल".

आत्यानं बाटलीवरच्या आयाळीकडं पाहिलं, मग अण्णांच्या टोपीकडं.

"झोपेसाठी हाय ते," अण्णा टोपी सारखी करत म्हणाले.

"झोप डोक्यावर उगवती व्हय रे दादा?" आत्या म्हणाली. बाबांना अचानक खोकला झाला आणि ते पेपरामागं गेले.

अण्णा गल्लीतल्या जडीबुटीच्या दुकानातून तेल आणायचे आणि रोज बागेतल्या बाकावर बसून टोपीखाली चोळायचे. "घरी लावलं असतं तर हसला असता ना तुम्ही समदे!" ते म्हणाले. खरं सांगते, मला लाज वाटली. पण भुर्जीला नाही वाटली. तिनं त्या कागदावर पाठीवर पडून असं लोळायला सुरुवात केली, लाळ काय, लाथा काय, की आई म्हणाली, "अगं, हिला फीट आली का?"

मी फोन काढला. त्या बाईचा एक व्हिडिओ होता त्यावर. जटामांसीसारख्या काही मुळांच्या वासानं मांजरांना नशा चढते. ती गाल घासतात, तोंड उघडतात, लोळतात. मी तो व्हिडिओ सोडून दिला होता, कारण वर झाडपाल्याचं चित्र होतं. मला वाटलं, बाईनं बागकाम सुरू केलं.

इथं मी माफी मागून आत गेले असते तर गोष्ट इथंच संपली असती. पण अण्णांनी शांतपणे विचारलं, "बरं, ऋतुजाबाई. एक शंका हाय. खरोखर मटणाचा वास आला तर मांजर काय करतं?"

आणि मला कुणी शंका विचारली, की माझा ताबा सुटतो.

"त्यात फरक असतो, अण्णा! मटण असेल तर ते लोळत नाही. कान पुढं काढून हळूहळू वासाच्या दिशेनं येतं. मग चाटायला लागतं. ओढलं तरी सोडत नाही, उलट घशातून गुरगुरतं, हे माझं आहे म्हणून..."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडं कुणी बघतच नाहीये. सगळे माझ्या गुडघ्यांकडं बघतायत.

नशा उतरलेली भुर्जी कान पुढं काढून हळूहळू माझ्या दिशेनं येत होती. तिनं माझ्या ओढणीचं टोक पंजात धरलं आणि चाटायला लागली. मी ओढणी ओढली. ती गुरगुरली. मी पुन्हा ओढली. ती आणखी मोठ्यांदा गुरगुरली.

कान, पंजे, घसा. घरातल्या प्रत्येकानं भुर्जीला पहिल्यांदाच अगदी अचूक वाचलं. विद्यार्थी भलतेच हुशार निघाले हो!

आत्यानं वाकून ओढणीचं टोक नाकाला लावलं. "खलिया," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "मसाला झकास हाय."

"ते... ते पुरावा गोळा करायला गेले होते मी!"

"पुराव्याचं ताट पुसून खाल्लंस का?" आईनं विचारलं. आईला मानसशास्त्राची पदवी नाही.

अण्णा नुसते वेताच्या टोपलीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग पुन्हा टोपलीकडं.

"दादा, मांजर राहू दे तुझ्याकडं," आत्या म्हणाली. "तुझ्या तेलाचं एवढं कौतुक दुसरं कोण करणार? मी हिलाच नेते श्रावण संपस्तोवर. फकस्त ही काय टोपलीत मावायची नाय. ऋते, पिशवी भर."

मी कपडे भरून बाहेर आले, तेव्हा अण्णांनी टोपी काढून ठेवली होती. आता काय लपवायचं राहिलं होतं? भुर्जी सोफ्याच्या पाठीवर बसून त्यांच्या टकलाला गाल घासत होती. अण्णांनी डोळे मिटले होते.

"भुर्जी, मी निघाले गं," मी म्हणाले.

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पाठ करून बसली.

माझे डोळे भरून आले. "आत्या, बघितलंस? मांजर आपल्याकडं पाठ करून बसलं म्हणजे त्याचा आपल्यावर पूर्ण विश्वास असतो."

आत्यानं माझी पिशवी खांद्याला लावली आणि दार उघडलं.

"व्हय गं. हाय ना इश्वास. तू खरंच जाशील म्हणून."